दारू सोडू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी आणि त्याच्या मंडळीसाठी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजर कबरेतून बाहेर येतो, तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले असतात आणि तोंडाभोवती रुमाल गुंडाळलेला असतो. त्याला हाक मारून जिवंत करण्याचे काम प्रभू येशूने स्वतः केले. ती वस्त्रे सोडवण्याचे काम मात्र त्याने भोवती उभ्या असलेल्या लोकांवर सोपवले. दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने, त्याच्या घरच्यांनी आणि त्याच्या मंडळीने हा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे कोणी दारू सोडायची म्हटले की, एकतर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली जाते आणि उरलेले सारे देवावर टाकले जाते, नाहीतर त्याला एखाद्या केंद्रात दाखल करून श्रद्धेचा विषय पूर्णपणे बाजूला ठेवला जातो. या दोन्हींत माणूस अर्धवट बांधलेलाच राहतो. नवे जीवन देवाकडून मिळते, पण अंगावरचे पट्टे माणसांच्या हातांनी, एकेक करून सुटतात, आणि ते कसे सोडवावेत याविषयीच हे लेखन आहे. उदाहरणे दारूची घेतली आहेत, कारण आपल्या वस्त्यांत आणि मंडळ्यांत सर्वाधिक घरे तिनेच पोखरलेली मी पाहिली आहेत. तंबाखू, गांजा किंवा गोळ्यांच्या व्यसनालाही यातले बरेचसे लागू पडते, मात्र त्यांचे वैद्यकीय उपचार वेगळे असतात.

पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली

अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने प्रार्थनासभेत उभे राहून ‘आजपासून थेंबही घेणार नाही’ असे सांगितले की सर्वांना आनंद होतो, आणि तो होणे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच रात्रीपासून त्याच्या शरीरात काय सुरू होते, हे सभेतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, मळमळते, छातीत धडधड होते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काही रुग्णांना तीव्र भ्रमाचा झटका येतो: खोलीत नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चढत असल्यासारखे वाटते, आपण कोठे आहोत याचे भान सुटते, ताप आणि रक्तदाब वाढतो. याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू होऊ शकतो. आपल्या घरांत नेमक्या याच अवस्थेला बाहेरची बाधा समजले जाते आणि डॉक्टरांच्या आधी प्रार्थनेसाठी कोणाला तरी बोलावले जाते. पाळकांनी अशा वेळी प्रार्थना अवश्य करावी, पण ती रुग्णालयात नेणाऱ्या रिक्षात बसून करावी.

तेव्हा सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील आणि दोन घोट घेतल्यावर ते थांबत असतील, किंवा पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे आणि रोजचे प्रमाण खरे सांगावे. ‘कधीतरी, थोडीशी’ असे मोघम उत्तर न देता रोज किती क्वार्टर, म्हणजे १८० मिलीलिटरच्या किती बाटल्या, किती वर्षांपासून, आणि शेवटची कधी, हे मोजून सांगावे, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. जेवण सोडून पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असते आणि तिच्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून जवळच्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाइन लावून घेण्यापूर्वी हा माणूस रोज पिणारा आहे, हे तेथल्या डॉक्टरांच्या कानावर घालणे नातेवाइकांचे काम आहे. कोठे जावे हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस क्रमांक १४४१६ येथे विनामूल्य विचारता येते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही चौकशी करावी.

या पहिल्या दिवसांत उपास करू नये. उपास-प्रार्थनेचे स्थान ख्रिस्ती जीवनात मोठे आहे हे मान्य करूनही मी हे आग्रहाने सांगतो, कारण दारू सोडण्याच्या निर्धाराला बळ यावे म्हणून तीन दिवस अन्नपाणी सोडणारी माणसे आपल्यात आहेत आणि तो निर्णय त्यांच्या जिवावर बेतू शकतो. एलीया रानात एका झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही; त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले. बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील हा क्रमच पहिल्या आठवड्याचा आराखडा समजावा. औषधे घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कोणी म्हणत असेल तर पौलाच्या सोबत्यांत ‘प्रिय वैद्य लूक’ होता, याची त्याला आठवण करून द्यावी. पुढेही तलफ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधे डॉक्टरांनी सुचवली, तर ती घेण्यात संकोच बाळगू नये.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. दारू सोडवणारी पूड किंवा गोळी जेवणात, चहात लपवून देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि तो करणाऱ्या पत्नीचा किंवा आईचा हेतू चांगलाच असतो. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन आठवडे हा धोका टिकतो. ज्याला गोळी दिली आहे त्याला ती माहीत असलीच पाहिजे. त्याच्या संमतीशिवाय आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती कधीही देऊ नये.

एका माणसाला सगळे खरे सांगणे

शरीर थोडे स्थिर झाले की पुढचे काम सुरू होते, आणि ते औषधाने होत नाही. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी मद्यप्याचे वर्णन आहे: कारण नसता झालेल्या जखमा, लाल झालेले डोळे, डोलकाठीच्या टोकावर झोपल्यासारखी अवस्था, मार बसला तरी कळले नाही असे म्हणणे, आणि शुद्धीवर येताच पुन्हा तिचाच शोध घेण्याची भाषा. इतक्या प्राचीन काळी लिहिलेल्या या ओळींत आपलेच चित्र दिसते की नाही, हे पिणाऱ्याने एकांतात, देवापुढे, वाचून पाहावे. त्यानंतर मात्र एकांतात थांबू नये.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करावीत आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी, म्हणजे तुम्ही निरोगी व्हाल, असे सांगितले आहे. कॅथलिक असाल तर धर्मगुरूंजवळ पापनिवेदनाची वाट तुम्हाला आधीपासून माहीत आहे. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर पाळक, मंडळीतला एखादा वडील (एल्डर) किंवा स्वतः दारूतून बाहेर पडलेला एखादा विश्वासू माणूस निवडावा. निवडताना तो किती सुंदर प्रार्थना करतो हे न पाहता त्याच्या पोटात गोष्ट राहते का, एवढेच पाहावे. कबुलीही सर्वसाधारण नसावी. ‘मी पापी आहे’ असे म्हणणे सोपे आहे, कारण ते सगळेच म्हणतात. मी रोज किती पितो, बाटली घरात कोठे लपवतो, पैसे कोणाच्या डब्यातून घेतले, कोणाकडून उसने घेतले, कामावर काय खोटे सांगितले, कोणावर हात उगारला, हे नावानिशी सांगावे. लपवण्यासारखे काही उरले नाही की पिण्याचे एक मोठे कारण संपते. स्त्रियांच्या बाबतीत ही कबुली अधिक अवघड असते, कारण पिणाऱ्या पुरुषाकडे समाज दयेने पाहतो आणि पिणाऱ्या बाईकडे तिरस्काराने. तिच्यासाठी विश्वासू स्त्रीच शोधावी आणि तिला समितीपुढे उभे करू नये.

नवस आणि शपथ याबाबत डब्लिनच्या मॅट टॅल्बटचे उदाहरण उपयोगी आहे. १८५६ साली गरीब घरात जन्मलेला हा कामगार बारा-तेराव्या वर्षापासून पीत होता आणि मजुरी दारूत घालवत होता. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने धर्मगुरूंपुढे दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली, ती फक्त तीन महिन्यांसाठी. ती पाळल्यावर सहा महिन्यांची घेतली आणि मगच आयुष्यभराची. १९२५ साली मरण येईपर्यंत तो पुन्हा प्यायला नाही. आपल्याकडे मात्र मुलांच्या डोक्यावर हात ठेवून, बायबलवर हात ठेवून, जन्मभराच्या शपथा एका रात्रीत घेतल्या जातात आणि त्या मोडल्या की माणूस देवाला तोंड दाखवायला लाजतो. जन्मभराची शपथ घेऊ नये. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. सकाळी अंथरुणावरून उठण्यापूर्वी ‘प्रभू, आजचा दिवस मला दारूपासून दूर ठेव’ एवढेच मागावे, आणि रात्री झोपताना त्या दिवसासाठी आभार मानावेत. विश्वासच बसत नसेल, तर मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाची प्रार्थना करावी, ज्याने मुलासाठी येशूकडे येऊन आपला विश्वास आहे असे सांगितले आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदत मागितली. तेवढी प्रार्थना त्या दिवशी पुरली होती.

संध्याकाळचे तीन तास

बहुतेकांची दारू संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत असते, आणि म्हणून दारू सोडण्याची खरी लढाईही त्याच वेळेत होते. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी, देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका, असे पौल सांगतो. येथे ‘तरतूद’ ही अगदी व्यवहारातली गोष्ट आहे. कामावरून घरी येण्याचा रस्ता वाइन शॉपवरून जात असेल तर लांबचा असला तरी दुसरा रस्ता धरावा. खिशात मोठी रक्कम ठेवू नये आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काही महिने बंद ठेवावी किंवा तिची मर्यादा अगदी कमी करावी; मॅट टॅल्बटही जवळ पैसे बाळगत नसे, असे सांगतात. बैठकीतल्या मित्रांचे क्रमांक फोनमधून काढून टाकावेत. घरात ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून किंवा नाताळसाठी ठेवलेली बाटली ओतून टाकावी आणि पिण्याचे खास ग्लासही घराबाहेर काढावेत.

तलफ येते तेव्हा ती कधीच संपणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात ती चढते, शिगेला पोचते आणि बहुधा पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात उतरू लागते. तेवढ्या वेळासाठी काय करायचे हे शांत असताना कागदावर लिहून ठेवावे. पोट रिकामे असेल तर आधी काहीतरी खावे, कारण भूक आणि तलफ यांत गल्लत होते. मग ज्याला सगळे सांगितले आहे त्याला फोन करावा. त्याने उचलला नाही तर दुसऱ्याला करावा. मग जागा बदलावी, म्हणजे खोलीतून अंगणात, घरातून चर्चकडे किंवा शेजारी जावे. आणि एखादे स्तोत्र मोठ्याने वाचावे. मी एकशे तिसावे सुचवतो, कारण ते अवघ्या आठ ओव्यांचे आहे, खोल गर्तेतून मारलेल्या हाकेने सुरू होते, आणि पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचे त्यातले चित्र रात्री झोप न लागणाऱ्याला लगेच उमजते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत माणूस सर्वाधिक घसरतो. त्यांपैकी दोन एकत्र आल्या आहेत असे जाणवले तर तलफ येण्याची वाट न पाहताच फोन करावा.

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेली रिकाम्या घराची गोष्टही या संदर्भात गांभीर्याने घ्यावी. अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडलेले आणि सुशोभित असते, पण रिकामे असते, म्हणून तो आपल्याहून वाईट अशा सात जणांना घेऊन परततो. दारू सुटली की रोजचे तीन-चार तास, एक मोठा मित्रपरिवार आणि थकवा घालवण्याची एकमेव सवय, असे तिन्ही एकाच वेळी नाहीसे होते. त्या जागी काहीच आले नाही तर दारू परत येते. मॅट टॅल्बट कामावरून सुटल्यावर दारूगुत्त्याऐवजी चर्चमध्ये जाऊन बसत असे. प्रत्येकाचा पिंड तसा नसतो. कोणी चर्चच्या गायकवृंदात जावे, कोणी मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणी परसात भाजी लावावी, कोणी रोज मैदानात चालावे. पण संध्याकाळी सहा वाजता मी कोठे असणार, याचे उत्तर सकाळीच ठरलेले असावे.

मंडळीने काय करावे आणि काय करू नये

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर व्यवहार करणारा माणूस कामानिमित्त ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते. व्यवहार फसला, हॉटेलात तो एकटा होता आणि समोरच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. त्याने हॉटेलातल्या चर्चच्या यादीवरून एका धर्मगुरूला फोन केला आणि मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे, असे सांगितले. त्या फोनच्या धाग्यावरून त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी झाली, आणि त्या दोघांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, उभे राहिले. हे दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आलेले होते. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या बारा पायऱ्यांत स्वतःची असहायता मान्य करणे, स्वतःला देवाच्या हाती सोपवणे, आत्मपरीक्षण, कबुली, भरपाई आणि दुसऱ्याकडे हा संदेश नेणे या ज्या गोष्टी आहेत, त्यांचे मूळ त्या संगतीत आहे. एएमध्ये देवाविषयी ‘आम्हाला जसा उमगला तसा’ असे म्हटले जाते, आणि काही पाळकांना ते खटकते. ख्रिस्ती माणसाला यात बिचकण्यासारखे काही नाही असे माझे मत आहे. तो त्या सभेत बसून ज्या देवाला शरण जातो त्याचे नाव त्याला ठाऊक असते.

मुंबईत, पुण्यात आणि महाराष्ट्रातील इतर अनेक ठिकाणी मराठीतून एएच्या सभा होतात, कित्येकदा चर्चच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत. आत गेल्यावर भिंतीलगत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एका टेबलावर पुस्तिका आणि चहाची किटली दिसते. कोणी फी मागत नाही, पत्ता विचारत नाही. एकेक जण पहिले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत असे म्हणतो आणि काही मिनिटे बोलतो. त्याला कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या सभेत नुसते ऐकून परत आले तरी चालते. पहिले तीन महिने शक्य तर रोज जावे, असे तेथली जुनी माणसे सांगतात, आणि ते ऐकण्यासारखे आहे. वांद्र्याचे फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेली कृपा फाउंडेशन ही संस्था हाच मार्ग, योगासनांची जोड देऊन, चालवत आली आहे. फादर स्वतः बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य.

आता स्थानिक मंडळीविषयी. दारू सोडून महिना झालेल्या माणसाला साक्ष देण्यासाठी व्यासपीठावर उभे करू नये. सर्वांचा हेतू चांगला असतो, टाळ्या पडतात, डोळे पाणावतात. पण त्या दिवसापासून तो मंडळीच्या विजयाचे उदाहरण होऊन बसतो, आणि पुढे पाय घसरला तर जिथे त्याने धावत यायला हवे तिथेच येण्याची त्याला लाज वाटते. निदान एक वर्ष जाऊ द्यावे. त्याच्याकडे दानपेटीचा हिशोब किंवा समितीचे पदही या काळात देऊ नये. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे: ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते’ अशी सुरुवात करून घराघरांत पोचवलेली बातमी ही चहाडीच असते, मग तिच्यापुढे प्रार्थना जोडलेली असो वा नसो. मंडळीला खरोखर मदत करायची असेल तर तीन-चार माणसांनी आपापसांत वार वाटून घ्यावेत आणि रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या माणसाला एक फोन करावा. शनिवारी आणि पगाराच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवावे. एवढे सहा महिने केले तर ते पुष्कळ झाले.

घर, पैसा आणि भरपाई

पत्नीने आणि मुलांनी दारू सोडल्याच्या पहिल्या महिन्यातच विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करू नये. त्यांनी अशी वचने पुष्कळ ऐकलेली असतात. त्यांच्यासाठीही आधार लागतो. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या स्वतंत्र सभा असतात आणि तेथे जाणे हा पतीविरुद्ध तक्रार करण्याचा प्रकार नाही. घरच्यांनी त्याच्या वतीने कामावर खोटे निरोप देणे, त्याची उधारी फेडणे, त्याची उलटी पुसून सकाळी काही झालेच नाही असे वागणे थांबवावे. आणि जेथे मारहाण आहे तेथे क्षमेचा उपदेश करण्याआधी स्त्रीला आणि मुलांना सुरक्षित जागी नेणे हे पाळकांचे पहिले कर्तव्य आहे. सत्तर वेळा सात क्षमा करण्याची आज्ञा मार खात त्याच छपराखाली राहण्याची आज्ञा नाही. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आणि तातडीसाठी ११२ प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर असावेत.

जक्कयाने येशूला घरी घेतल्यावर फसवलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. मॅट टॅल्बटने पिण्याच्या दिवसांत सोबत्यांसह एका गरीब वादकाचे व्हायोलिन लांबवून त्याच्या पैशाची दारू प्यायली होती. सुधारल्यावर त्याने त्या वादकाला डब्लिनभर शोधले. तो सापडला नाही, तेव्हा व्हायोलिनच्या किमतीएवढे पैसे त्याने त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा करण्यास दिले. भरपाई ही अशी असते: नेमकी, आणि झेपेल तशी. एका वहीत कोणाचे किती देणे आहे ते लिहावे, दरमहा थोडी रक्कम ठरवावी आणि धनकोला जाऊन स्पष्ट सांगावे. काही काळ पगार पत्नीच्या किंवा आईच्या हाती द्यावा आणि हिशोब मागितला तर चिडू नये. ज्या जखमा उकरल्याने समोरच्याला पुन्हा त्रास होईल, तेथे माफी मागण्याची घाई न करता ज्याला कबुली दिली त्याचा सल्ला घ्यावा.

पुन्हा प्यायलो तर

पुन्हा पिणे घडू शकते, आणि ते घडल्यास काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. त्याच रात्री, किंवा उशिरात उशिरा दुसऱ्या सकाळी, ज्याला सर्व सांगितले होते त्याला फोन करावा. ‘आता मोडलेच आहे तर आजचा दिवस होऊन जाऊ दे’ हा विचार पहिल्या पेल्यापेक्षा घातक आहे. काही दिवस सलग पिणे झाले असेल तर पुन्हा डॉक्टरांकडूनच सुरुवात करावी, कारण सोडतानाचा त्रास याही वेळी येऊ शकतो. गोळ्यांचे किंवा अफूजन्य पदार्थांचे व्यसन असणाऱ्यांनी विशेष जपावे: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीची मात्रा घेतल्यास श्वास थांबू शकतो.

येशूला अटक झाली त्या रात्री यहूदा आणि पेत्र दोघांनीही गुरूला दगा दिला आणि दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांच्या सोबतीतच राहिला, आणि म्हणूनच समुद्रकिनाऱ्यावर निखाऱ्यांच्या शेकोटीपाशी येशूने त्याला तीनदा विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला. घसरलेल्या माणसाने त्या रविवारी उपासनेला जाणे चुकवू नये. त्याच्याशेजारी कोण बसले आहे, याची काळजी मंडळीने घ्यावी.

प्रभुभोजन, लग्न आणि नाताळ

प्रभुभोजनाच्या पेल्याविषयी पाळकांशी आधीच बोलून ठेवावे. ज्या मंडळीत द्राक्षांचा साधा, न आंबवलेला रस वापरतात तेथे प्रश्न येत नाही. जेथे खरा द्राक्षारस, म्हणजे वाइन, असतो तेथे केवळ भाकर घेतली तरी चालेल का, हे विचारावे. कॅथलिक शिकवणीनुसार एकाच रूपात ख्रिस्त पूर्णपणे असतो, त्यामुळे पेला न घेण्याने काहीही उणे राहत नाही. चमचाभर द्राक्षारसाने काय होते, असे कोणी म्हणाले तरी स्वतःची परीक्षा पाहू नये.

वसई, मुंबई आणि गोव्याकडच्या आपल्या घरांत लग्न, बारसे, सण म्हटले की पेला येतोच, आणि तो नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान मानला जातो. पहिल्या वर्षी अशा समारंभांना शक्यतो जाऊ नये. जावेच लागले तर मिस्सा किंवा उपासना आटोपल्यावर यजमानांना भेटून, जेवण वाढण्यापूर्वी निघावे. सोबत माहितगार माणूस असावा, परतण्याचे वाहन स्वतःचे असावे आणि हातात पहिल्या मिनिटापासून सरबताचा किंवा सोड्याचा ग्लास असावा, म्हणजे रिकामा हात पाहून कोणी भरलेला पेला पुढे करत नाही. आग्रह झाला तर ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ एवढे उत्तर पुरे. यजमानांनीही समारंभाला बोलावताना दारूशिवाय टेबल ठेवता आले तर ते त्या एका पाहुण्यापेक्षा कितीतरी जणांच्या उपयोगी पडेल.

वर्षभर दारूपासून दूर राहिल्यावर, आणि ज्याला आपण सगळे सांगितले आहे त्याने संमती दिल्यावर, दुसऱ्या पिणाऱ्याच्या घरी जाण्याची वेळ येते. तेथे एकट्याने जाऊ नये. येशूने शिष्यांना दोघे दोघे पाठवले होते, आणि एए मध्येही हाच प्रघात आहे. तो नशेत असेल तर वाद न घालता परत यावे आणि सकाळी जावे. त्याला उपदेश करू नये, बायबलची वचने तोंडपाठ म्हणून दाखवू नयेत. आपण किती पीत होतो, काय गमावले आणि आज सकाळी काय मागितले, एवढेच सांगावे, आणि निघताना पुढच्या सभेचा वार, वेळ आणि जागा एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावी. न्यायला आपण येऊ, असे म्हणावे आणि त्या दिवशी ठरल्या वेळी खरोखर जावे.